चार वाजताचं ऊन

"पोटाचं काम आणि मनाचं काम, दोन्ही एकाच क्लिकमध्ये!" फोटोग्राफरने सकाळीच बायकोला ठणकावून सांगितलं.

वीस वर्षं त्याने पासपोर्टचे फोटो काढले होते. जीव मात्र अडकला होता पडद्यातून झिरपणाऱ्या उन्हात! आता गाद्यांच्या कारखान्याच्या मालकाने जाहिरातीचं काम दिलं होतं. गादीवर झोपलेला माणूस, अंगावर चार वाजताचं ऊन! तोच फोटो मालकाला, तोच प्रदर्शनाला!

"आधी गादी नीट दिसू दे," बायको म्हणाली आणि मॉडेल म्हणून तिने आपले वडील पाठवून दिले.

"बाबा, नुसते डोळे मिटायचे हं. झोपायचं नाही."

"छे हो जावईबापू, दुपारी मला झोप लागतच नाही!" म्हणत सासरे आडवे झाले आणि तिसऱ्या मिनिटाला रिकाम्या पिंपासारखे घुमायला लागले.

ऊन यायला अजून अवकाश होता. दर मिनिटाला आपोआप फोटो निघेल असा त्याने कॅमेरा लावला आणि गादीच्या कडेला टेकला. जरासाच! पण ती गादी होती की दुधावरची साय! पडदा हळूच फुगत होता. भिंतीवर सावल्या माशांसारख्या पोहत होत्या. मग ऊन आलं, मांजराच्या पावलांनी चादरीवर चढलं, त्याच्या पायाशी वेटोळं करून बसलं. 'वा! काय ऊन आहे!' असं त्याला वाटत राहिलं...

"अहो कलाकार!"

तो धडपडून उठला. दारात मालक! खिडकीत ऊन कुठलं, साडेपाच वाजलेले!

"बोंबललं सगळं!" त्याने कपाळाला हात लावला.

मालक तणतणत कॅमेऱ्यातले फोटो बघू लागला आणि एका फोटोवर थबकला. सोनेरी उन्हात फोटोग्राफर पाय पोटाशी घेऊन गाढ झोपला होता आणि सासरे, लेकराला घालावं तसं, त्याच्या अंगावर पांघरूण घालत होते.

"हाच पाहिजे," मालक हळू आवाजात म्हणाला.

"बाबा, तुम्ही जागे होतात?"

"काय करणार? तुमच्या घोरण्याने डोळ्याला डोळा लागेना!"

फोटो खरोखरच प्रदर्शनात लागला. एक गृहस्थ त्याच्यासमोर पंधरा मिनिटं खिळून उभे राहिले. डोळे अगदी स्वप्नात गेल्यासारखे! फोटोग्राफरचा ऊर भरून आला. तो जवळ जाऊन हलकेच म्हणाला, "काय जाणवलं तुम्हाला?"

गृहस्थांनी उसासा सोडला. "हो, विचारणारच होतो. ही गादी सहा इंची का हो, की आठ?"