सरकारदरबारी ब्रह्मचारी

चहा जरा निवेपर्यंत करखात्याला एक फोन करून टाकावा, असं मॅलकी टायर्नीने ठरवलं आणि तिथेच त्याच्या ब्रह्मचर्याला सुरुवात झाली.

मॅलकी शॅनन नदीवरचा फाटकवाला. बोट दोन फाटकांच्या मध्ये घ्यायची, पाणी भरायचं, बोट वर तरंगली की पुढचं फाटक उघडायचं. हे एप्रिल ते सप्टेंबर. उरलेले सहा महिने तो स्वप्नं बघे. (पहिले सहाही बघे, पण त्यांचा पगार मिळे.) स्वप्न एकच: डिनीन नावाच्या होडीवाल्याच्या धक्क्यावर विकायला ठेवलेली निळी होडी. धुक्यातून ती अलगद चाललीय, वल्ह्यांचा आवाज नाही, आणि फाटक उघडायला दुसराच कुणीतरी धावतोय!

आज एक बोटवाला जाता जाता म्हणाला होता, "सहा महिन्यांच्या पगारात तुझी करसवलत संपत नसणार. उरलेली बायकोला दे की! तिचा कर कमी होईल, मागचंही परत मिळेल."

म्हणून फोन.

"साहेब, तुम्ही अविवाहित आहात," पलीकडची बाई म्हणाली.

"मग अकरा वर्षं माझ्याशी भांडतंय कोण?"

"त्याची आमच्याकडे नोंद नाही. लग्न झाल्याचं कळवावं लागतं."

"पाद्रीबाबांनी नाही कळवलं?"

"ते तुमचं काम. आणि परतावा मागच्या चारच वर्षांचा मिळेल."

"म्हणजे पहिली सात वर्षं आम्ही उगाचच..."

बाईने फोन ठेवला.

संध्याकाळी त्याची बायको अट्रॅक्टा चीजच्या कारखान्यातून आली. (ती तिथली सुपरवायझर; घरातलीही.) सगळं ऐकता ऐकता तिने बूट काढला, पण खाली ठेवला नाही.

"अकरा वर्षं मी एका ब्रह्मचाऱ्याचे मोजे धुतेय?"

"अगं, विसरलो."

"लग्नाचं जेवण नाही विसरलास! तीनदा वाढून घेतलंस."

"आता कळवू ना. पैसे आले की ती निळी होडी..."

"आधी मला विचार. रीतसर. सरकारच्या लेखी मी अजून मोकळी आहे म्हटलं!"

मॅलकी गुडघ्यावर बसला. (उठताना टेबल धरावं लागलं.) अट्रॅक्टाने बटाटे उकडेपर्यंत विचार केला आणि हो म्हणाली. दोघांच्या वतीने करखात्याशी व्यवहार कोण करणार, असं फॉर्मवर विचारलं होतं. मॅलकीच्या डोळ्यांत धुकं दाटलेलं. त्याने 'पत्नी'वर खूण केली.

परतावा अर्थातच तिच्या खात्यात गेला.

जूनमधल्या एका रविवारी धुक्यातून निळी होडी अलगद आली. वल्ह्यांचा आवाज नव्हता. वल्हवत होती अट्रॅक्टा. समोर तिची बहीण डिम्फ्ना, मांडीवर सँडविचचा डबा, हातात चहाचा कप.

"अगं, मला घे ना!" मॅलकी काठावरून ओरडला.

"तुझी ड्यूटी सप्टेंबरपर्यंत. नंतर होडी तूच घे. पाऊस असेल, छत्री देईन."

"हा कोण गं?" डिम्फ्नाने डोळे मिचकावले.

"असाच एक ब्रह्मचारी. बिचारा एकटाच असतो." मग तिने मान वर केली. "ओ फाटकवाले! हात चालवा जरा, आमचा चहा निवतोय!"

स्वप्नातल्यासारखं कुणीतरी फाटक उघडायला धावलंच.