गोऱ्ह्याचा पट्टा आणि जपानी रापी

शेखरने सासऱ्यांना शब्द दिला होता, तोही भावकीसमोर. गेल्या पोळ्याला कळवणजवळच्या त्यांच्या मळ्यात म्हाताऱ्या बैलाचा घुंगरांचा पट्टा ऐन मिरवणुकीत तुटला, तेव्हा पुरणपोळीच्या भरात तो बोलून गेला, "मामा, पुढच्या वर्षीचा पट्टा मी बनवणार. स्वतःच्या हातानं!"

चिमाजीमामांनी ते हात पाहिले. विमा कंपनीत फायली पुढे सरकवणारे हात. पण जावईच तो. "आणा की, पाव्हणं," ते म्हणाले.

चांगल्या कामाला चांगली हत्यारं लागतात, हे शेखरला व्हिडिओंनी शिकवलं. मग नाशिकच्या फ्लॅटमध्ये वर्षभर निवड चालली. चामडं कापायची रापी जपानी पोलादाची की जर्मन? भोकं पाडायच्या आरीची मूठ अक्रोडाची की शिसवी? मागवलेली एक रापी डावखुऱ्यांची निघाली, ती परत गेली.

"अहो, बैल मूठ बघणार आहे का?" त्याच्या बायकोने, मनीषाने विचारलं.

"नवशिक्यानं हलकी हत्यारं घेतली की हात बिघडतो."

"आणि काहीच केलं नाही की?"

अखेर संच आला. जाड चामड्याच्या लांब गुंडाळीत प्रत्येक हत्यार आपापल्या कप्प्यात निवांत झोपलेलं. शेखरने त्यांना तेल लावलं, फोटो काढले, पुन्हा तेल लावलं. असं करता करता पोळ्याची आदली संध्याकाळ उजाडली, म्हणजे मावळायलाच आली. त्याने पोळपाट मधे घेतला. डावीकडे मामांनी पाठवलेली घुंगरं, उजवीकडे हत्यारं आणि मेणाचा दोरा.

"चामडं कुठंय?" मनीषा म्हणाली.

शेखर रिकाम्या पोळपाटाकडे बघत राहिला. "ते राहिलंच."

रविवार. चामड्याची दुकानं बंद. शेखरने कमरेचा पट्टा काढला. जपानी रापी त्यातून लोण्यासारखी गेली आणि आतून पुठ्ठा निघाला. ऑफिसच्या बॅगेतून फोम निघाला. मग त्याची नजर मनीषाच्या पर्सवर गेली.

"लग्नाच्या वाढदिवसाची आहे ती!"

"म्हणूनच तर. प्युअर लेदर आहे."

पर्समधून पुठ्ठाही निघाला आणि फोमही.

"प्युअर," मनीषा म्हणाली. एवढंच म्हणाली, म्हणून शेखर जास्त घाबरला.

मग तिनेच हत्यारांच्या गुंडाळीकडे बोट दाखवलं. "घरात खरं चामडं तेवढंच आहे."

"अगं, ते हत्यारांचं घर आहे!"

"आणि उद्या माझ्या बापाच्या घरी तोंड कोण दाखवणार? हत्यारं?"

हत्यारं चमच्यांच्या खणात गेली आणि गुंडाळी पोळपाटावर आली. शेखरने डोळे मिटून रापी चालवली. मग मनीषा ओरडली म्हणून उघडले. पट्ट्या कापल्या, जोडल्या, भोकं पाडली. सुरुवातीचे टाके रात्री उशिरा घरी येणाऱ्या माणसासारखे चालले. पण शेवटाकडचे सरळ आले. शेखर त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला. वर्षभरात त्याने हत्यारांकडेही तसं बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मळ्यात म्हातारा बैल गोठ्यात रवंथ करत बसलेला. यंदाचा मान नव्या गोऱ्ह्याचा होता. मामांनी पट्टा त्याच्या गळ्यात बांधला. गोऱ्ह्याने मान जोरात झटकली. घुंगरं खणखणली. पट्टा जागचा हलला नाही.

तेवढ्यात मेहुणी वेदिका वाकली. "दाजी, ह्याच्यावर इंग्रजीत काय छापलंय?"

गुंडाळीच्या पाठीवर कंपनीने ठसा उमटवला होता. घाईत कापताना शेखरने तो पाहिलाच नव्हता. वेदिकाने वाचलं आणि मराठीत सांगितलं, "नवशिक्यांसाठी."

भावकी खो खो हसली. शेखरने जमिनीकडे पाहिलं.

"हसता काय?" मामांनी गोऱ्ह्याच्या मानेवरून हात फिरवला. "खरंच लिवलंय. याचा पयलाच पोळा हे." मग वाकड्या टाक्यांपासून सरळ टाक्यांपर्यंत त्यांचं बोट सावकाश गेलं. "आन पाव्हण्यांचाबी. पुढल्या साली याला जोडीदार आणतोय. त्याचा पट्टा तुमच्याकडंच. आत्ताच सांगून ठिवतो."

शेखरची मान वर आली. त्याने लगेच मोबाईल काढला.

"आधी चामडं," मनीषा मागून म्हणाली.