मोरचूद प्यायलेला गहू

"बाबा, फक्त पंखा फिरतोय ना, एवढं बघायचं आणि कुलूप लावून घरी यायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही," परगावी निघालेल्या लेकीनं बजावलं. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. मान हलवण्यात त्यांचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

लेक पिकांवर संशोधन करायची. तिच्या काचघरात गव्हाच्या कुंड्या होत्या. निम्म्या रोपांत तिनं एक जनुक घातलं होतं. त्याच्या बळावर मातीत तांब्यासारखे जड धातू मुरले तरी गहू तग धरेल, असा तिचा दावा. उरलेली रोपं साधी. सगळ्यांना नळीतून मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, घातलेलं निळसर पाणी थेंबथेंब मिळत होतं. जनुकवाली हिरवी राहिली आणि साधी पिवळी पडली, की प्रयोग फत्ते! मदतनीस बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून ही कामगिरी निवृत्त बस कंडक्टरकडे, म्हणजे बाबांकडे आली होती.

पहिले काही दिवस बाबांनी पंखाच बघितला. मग त्यांची नजर पिवळ्या रोपांकडे गेली आणि तिथंच घोळ झाला.

"अरे, हे कसलं निळं पाणी पाजतायत तुम्हाला!" बाबा कळवळले. "शेजारचे बघा कसे टवटवीत, आणि तुम्ही माना टाकून बसलाय!"

त्यांनी हाताला लागल्या तेवढ्या तोट्या बंद केल्या. त्या प्रत्येक कुंडीत खालून निथळेपर्यंत नळाचं स्वच्छ पाणी सोडलं. मधलं गवत उपटलं. "चला, पुढं सरका, जागा आहे," म्हणत अशक्त मंडळींना खिडकीजवळ बसवलं. मग रोज हेच. पंधरवड्यात सगळं काचघर हिरवंगार!

लेक परतली तेव्हा तिच्या विभागाचे प्रमुख, तिचे सर, काचघराच्या दारातच नाचत होते.

"अहो मॅडम, चमत्कार! साधा गहूसुद्धा मोरचूद पचवतोय! तुमच्या जनुकाची गरजच नाही! मी संस्थेच्या संचालकांना उद्या बोलावलंय."

लेक घरी आली आणि ताटावर बसून रडायलाच लागली.

"इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली, बाबा. सगळी रोपं जगली!"

"जगली तर रडतेस कशाला?" बाबा गोंधळले. "मी तर जगावीत म्हणूनच..."

लेकीचा घास हातातच राहिला. "म्हणूनच काय, बाबा?"

बाबांनी सगळं सांगितलं. ती आधी लालबुंद झाली, मग हसायला लागली. जनुकाचा दावा अजून शाबूत होता! पण सरांना सांगायचं कुणी?

"चूक माझी, तर तिकीटही मीच फाडणार," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संचालक पुष्पगुच्छ घेऊन उभे असतानाच बाबा पुढं झाले. "साहेब, चमत्कार वगैरे काही नाही. मी त्यांना साधं पाणी पाजलं."

सर मटकन खुर्चीत बसले. "सगळ्यांना?"

"एक कुंडी सोडून. ती पार वरच्या फळीवर आहे. स्टुलावर चढायला माझे गुडघे तयार होईनात."

कुंडी खाली आली. मोरचूद पिऊन पिऊन तिच्यातला साधा गहू वाळून कोळसा झाला होता. पण त्याच्या बुडाशी हिरवं, लुसलुशीत काहीतरी डोलत होतं.

"हे काय?" संचालकांनी विचारलं.

"गवत आहे हो! थांबा, उपटतो," बाबा सरसावले.

"नको!" लेक आणि सर एकदमच किंचाळले.

जे पाणी गव्हाला मारत होतं, ते पिऊन हे गवत बाळसं धरत होतं. त्याच्यात असं कोणतं जनुक आहे, ते शोधायचं ठरलं. पुष्पगुच्छ शेवटी बाबांच्याच हातात पडला. गव्हाचा प्रयोग नव्यानं सुरू झाला. साधी रोपं वेळेवर पिवळी पडली आणि लेकीनं घरात पेढे वाटावेत तशा आनंदानं ती बातमी सगळ्यांना सांगितली.

गवताला मात्र स्वतंत्र खोली मिळाली. खास दिवे, मोजून पाणी, तासातासाला विचारपूस. आणि एवढे लाड सुरू झाल्यावर ते वाढायचंच थांबलं.

महिनाभरानं सरांचा फोन आला. आवाज अगदी पडेल.

"काका, जरा येता का? आमच्याकडून सगळे उपाय करून झाले. आता तुम्ही ते उपटायचा प्रयत्न करून बघा. कदाचित चिडून तरी वाढेल."