मस्काला काही देऊ नका

कुरुम.

दुपारचे अडीच वाजले होते. पाच वर्षांची लेक दुर्गा नुकती झोपली होती, सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या आणि प्राची सकाळपासून पहिल्यांदाच दोन्ही पाय वर घेऊन बसली होती. दुपारचा हा अर्धा तास तेवढा तिचा स्वतःचा. त्यात पंखासुद्धा दबकून फिरत होता. आणि नेमका तेव्हाच गॅलरीतून आवाज आला. कुरुम, कुरुम, कुरुम. मागोमाग समाधानाचा एक लांब सुस्कारा.

प्राची ताडकन उठली. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या खाण्याचा आवाज असा नसतो. तो कोरडा आणि केविलवाणा असतो. हा आवाज तळलेला होता.

गॅलरीत मस्का पोट टाकून पसरला होता. मस्का म्हणजे त्यांचा सहा वर्षांचा, फिक्या पिवळ्या रंगाचा लॅब्रॅडॉर. त्याच्या मिशीला पापडाचा तुकडा चिकटला होता. हातभर अंतरावर खुर्ची टाकून शेजारचे जयवंतकाका समोरच्या भिंतीकडे अतिशय लक्षपूर्वक बघत होते.

"काका, पापड कुणी दिला याला?"

"दिला नाय. पडला."

"अख्खा?"

"आता पडणारा पापड विचारून पडतो काय, अर्धा पडू की अख्खा."

"काल चकली पडली. परवा वडा पडला."

"हात थरथरतात गो. वय झाला आता."

"कॅरम खेळताना नाही थरथरत."

"तेव्हा मी बसून खेळतंय," जयवंतकाका खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले.

प्राचीने मस्काच्या मिशीवरचा तुकडा काढून कचऱ्यात टाकला. मस्काने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की गुन्हेगार तीच.

प्रकरण गुडघ्याचं होतं. महिन्यापूर्वी मस्का फिरून येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जो बसला तो उठलाच नाही. शेवटी प्राचीचा नवरा वैभव आणि समोरच्या खोलीतला प्रेस्टन या दोघांनी त्याला चादरीत घालून तिसऱ्या मजल्यावर आणलं. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने "गेला काय?" असं हळू आवाजात विचारलं. दादरच्या डॉक्टर ओलिव्हियांनी त्याला काट्यावर उभं केलं, अडतीस किलो चारशे ग्रॅम हा आकडा वाचला आणि चष्मा काढून प्राचीकडे बघितलं.

"गुडघ्यावर भार येतोय. दोन महिन्यांत पाच किलो कमी झाले पाहिजेत. नाहीतर ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतर जिने बंद. कायमचे."

बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. चोपन्न पायऱ्या होत्या. जिने बंद म्हणजे घरच बंद. ही बातमी ऐकून बदलापूरला तळमजल्यावर राहणाऱ्या मोठ्या दिरांनी लगेच फोन केला, "आमच्याकडे पाठवून द्या त्याला, मागे अंगण आहे." ते बिचारे चांगल्या मनाने बोलले, पण प्राचीने त्यांना अजून माफ केलेलं नव्हतं. जन्मल्यावर दुर्गाला हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवसापासून जो तिच्या पाळण्याखाली झोपला, तो बदलापूरला जाणार? अंगणात?

त्या दिवसापासून प्राची मस्काचं खाणं काट्यावर मोजून देऊ लागली. सकाळी एकशे ऐंशी ग्रॅम, संध्याकाळी एकशे ऐंशी ग्रॅम, एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही. दोन आठवड्यांनी ती ताठ मानेने दवाखान्यात गेली. काटा म्हणाला, एकोणचाळीस.

"वाढलं?" प्राची म्हणाली. "कसं शक्य आहे?"

"घरात कोण कोण असतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आम्ही चौघं."

"आणि बाहेर?"

बाहेर बिल्डिंग होती. चार मजले, अठ्ठावीस खोल्या आणि प्रत्येक स्वयंपाकघराचं तोंड गॅलरीकडे.

डॉक्टरांच्याच सल्ल्याने वैभवने ऑफिसमधून एक पाटी छापून आणली. 'मला खायला देऊ नका. डॉक्टरांनी मनाई केली आहे.' पाटी गळ्यात घालून मस्का गॅलरीतून एक फेरी मारून आला, आणि पाच मिनिटांत कोपऱ्यावरच्या खोलीतल्या जाईबाई दारात हजर. वय ऐंशी, आवाज पंचविशीचा.

"काय गो प्राची, आमच्या घरातला अन्न काय इखारी हा?"

"तसं नाही हो आजी, त्याचं वजन वाढलंय."

"मगे वाढात नाय तर काय? खात्या घरचो तो. उपाशी ठेवून गळ्यात पाटी बांधलंस, लोकांका वाटात भीक मागता."

पाटीचा एवढाच परिणाम झाला. ज्यांनी आजवर मस्काला काही दिलं नव्हतं, त्यांनाही त्याची दया आली. चौथ्या मजल्यावरची नवी सून तर वाचून रडवेली झाली आणि तिने त्याला बिस्किटांचा अर्धा पुडा दिला.

मग प्राचीने पाळत ठेवली. मटार सोलायचा बहाणा करून ती दाराशी बसायची. आठवडाभरात तिच्या जे लक्षात आलं त्याने ती थक्क झाली. मस्का वार पाळत होता. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी, म्हणजे गॅलरीत मासे तळल्याचा वास सुटला की, तो जयवंतकाकांच्या उंबऱ्यावर. सोमवारी आणि गुरुवारी सगळीकडे वरणभात, तेव्हा स्वारी मटणाच्या वासाने त्याच मजल्यावरच्या सेसिलिया आँटीकडे. ईस्टरच्या आधीचे दिवस असल्यामुळे आँटीकडे शुक्रवारी मटण शिजत नव्हतं, तर शुक्रवारी तो चुकूनही तिकडे फिरकत नव्हता. आणि संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत तो जाईबाईंच्या दारात मोदकाची वाट बघत बसला, तेही न भुंकता. घरातल्या माणसांना वार कॅलेंडरमध्ये बघावे लागतात. या कुत्र्याला पाठ होते.

प्राचीने रविवारी सकाळी सगळ्यांना गॅलरीत गाठलं. दुर्गा तिच्या गाऊनला धरून उभी होती.

"मला फक्त एवढं सांगा, मस्काला खायला कोण देतं?"

कुणीच देत नव्हतं.

"मी नुसती मटणाची नळी देते गं," सेसिलिया आँटी म्हणाल्या. "ती खायची नसते. चावायची असते. दात क्लीन होतात त्याचे."

"आणि नळीच्या आतलं?"

"ते आतच असतं ना. मी काय वेगळं काढून देते?"

"जाईआजी, तुम्ही?"

"मी परसाद देतंय. परसादाक खाणा म्हणतत काय? देवाच्या दारातून तेका उपाशी धाडू?"

जयवंतकाकांचं तर सगळं पडतच होतं. हताश होऊन प्राचीने सासूबाईंकडे पाहिलं. निदान घरचा साक्षीदार तरी. सासूबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "पहिली चपाती मी गाईची काढते. ते काय खायला देणं नाही. रीत आहे."

"मम्मी, परळमध्ये गाय कुठे आहे?"

"म्हणून तर त्याला देते. गाय शोधत मी काय हिंदमाताला जाऊ?"

"आणि दुसरी?"

"ती कावळ्याची."

"कावळे तर असतात की इथे."

"असतात. पण तुझ्या हातची घेत नाहीत."

गॅलरीत सगळ्यांना हसू आलं. प्राचीला आलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्याचा अजूनच राग आला. "हसा," ती म्हणाली. "तो बदलापूरला गेला ना, की तिथे पाठवा प्रसाद. कुरियरने."

बदलापूरचं नाव निघाल्यावर मात्र सगळे जरा गंभीर झाले. जयवंतकाकांनी घसा साफ केला. "मी काय म्हणतंय, त्या डॉक्टरणीचो काटोच खोटो असात तर?"

हे म्हणणं सगळ्यांना एकदम पटलं. प्राची दुर्गाला आंघोळ घालत होती तेवढ्यात जयवंतकाका आणि प्रेस्टन मस्काला टॅक्सीत घालून लालबागच्या मिरची गल्लीत घेऊन गेले. तिथे काकांच्या ओळखीचं दुकान होतं आणि दुकानात पोती तोलायचा मोठा काटा होता. मस्का शहाण्यासारखा काट्यावर बसला. आकडा स्थिर होईतो त्याने शेजारच्या पोत्यात नाक घातलं, शिंकला, त्या शिंकेने पोतं कलंडलं, आणि घाबरून तो त्याच मिरचीत लोळला.

तासाभराने दारात उभा राहिला तो कुत्रा पिवळा नव्हता. लालही नव्हता. तिखट पुरीसारखा दिसत होता.

"काटा किती म्हणाला?" वैभवने विचारलं.

"एकोणचाळीस दोनशे," प्रेस्टन खाली बघत म्हणाला. "पण त्यात थोडी मिरची पण असेल."

प्राचीने डॉक्टरांना फोन केला, त्यांचं जे ऐकायचं ते ऐकून घेतलं, आणि मस्काला मोरीत घेतलं. आधी डोळे, नाक आणि तोंड साध्या पाण्याने. मग शाम्पू. लॅब्रॅडॉरच्या केसांचे दोन थर असतात, आणि मिरची खालच्या थरात जाऊन बसली होती. पहिल्या बादलीला प्राचीला ठसका लागला, दुसरीला वैभवला. तिसरीला मस्काने अंग झटकलं आणि बाहेर दाराशी उभे राहिलेले सगळे एकदम शिंकले. मोरीची जाळी केसांनी तुंबली. पाणी जाऊन टाकी रिकामी झाली, तेव्हा सेसिलिया आँटींनी आपली पिंपातली साठवण आणून दिली. पाच बादल्या आणि दोन बाटल्या शाम्पू झाल्यावर मस्का पुन्हा पिवळा झाला. मधल्या वेळात तो एकदाही कण्हला नाही. फक्त लंगडा पाय हळूच उचलून धरत होता.

तो उचललेला पाय सगळ्यांनी पाहिला. जाईबाई म्हणाल्या, "नाय देवचंय मी आता. देव समजून घेतलो."

आणि खरंच, बिल्डिंगने शब्द पाळला. आँटींनी नळ्या उकळून फेकून दिल्या. जयवंतकाका पापड खाताना आतून कडी लावू लागले. सासूबाईंनी गाईची चपाती डब्यात घालून रोज कामावर जाताना वैभवच्या हाती द्यायला सुरुवात केली, रस्त्यात गाय दिसली तर दे म्हणून. ती वैभव खायचा, पण त्याच्या गुडघ्याची चिंता सध्या कुणाला नव्हती.

तीन आठवड्यांनी प्राची मस्काला घेऊन दवाखान्यात गेली. काट्याकडे बघायचं तिचं धाडस होईना. डॉक्टरांनी आकडा वाचला. अडतीस किलो नऊशे.

"मागच्या वेळेपेक्षा फक्त शंभर ग्रॅम कमी," त्या म्हणाल्या.

"अशक्य आहे. सगळ्यांनी बंद केलंय."

"एक जण शिल्लक आहे." डॉक्टर मस्काच्या बरगड्या चाचपत होत्या. "आणि हे पडलेलं-झडलेलं नाही. कुणीतरी रोज, वेळेवर, दोन्ही वेळा भरवतंय. चोरून खाऊन असं अंग भरत नाही. त्यांना शोधा. दोन आठवडे उरलेत."

प्राची टॅक्सीत बसली ती धुमसत. घरी आली ती धुमसत. चोपन्न पायऱ्या मस्का थांबत थांबत चढला आणि ती प्रत्येक मजल्यावर एकेका दाराकडे रोखून बघत गेली. चेहऱ्यावर गोडवा आणि पाठीमागे हे. शपथा घेतात आणि मुक्या जनावराच्या गुडघ्याशी खेळतात.

दुर्गाच्या जेवणाची वेळ झाली होती. प्राचीने वरणभात कालवला, वर तूप घातलं आणि तिला मांडीवर घेऊन बसली. एवढी मोठी झाली तरी पोरगी सुखासुखी जेवत नव्हती. तिला भरवायची एक पद्धत ठरून गेली होती. मस्का नेहमीसारखा येऊन समोर बसला.

"दुर्गा, तू खोटं बोलत नाहीस ना?" प्राचीने पहिला घास केला. "हा चिऊचा."

"नाही," दुर्गा भरल्या तोंडाने म्हणाली.

"मग मला सांग. जयवंतआजोबा देतात याला काही? हा काऊचा."

"नाही. ते कडी लावतात."

"हा मस्काचा." प्राचीचा हात खाली गेला आणि रिकामा होऊन वर आला. "सेसिलिया आँटी?"

"त्या नुसतं बाय करतात."

"आजी? हा चिऊचा. नीट चाव."

"आजी पप्पाला देते."

"जाईआजी तरी देत असणार. मला माहितेय. गोड बोलायचं आणि पाठ फिरली की चारायचं. लाज कशी वाटत नाही यांना. हा काऊचा. माझं लेकरू लंगडतंय आणि यांना हौस. हा मस्काचा. सापडू दे फक्त मला, कोण आहे ते."

खाली मस्काने जिभेने तिची बोटं एकेक करून पुसून घेतली आणि पुन्हा सरळ होऊन बसला. दुर्गा घास गालात धरून आईकडे, मग मस्काकडे, मग आईच्या ओल्या बोटांकडे बघत राहिली.

"आई," तिने विचारलं, "तू देतेस ते पण त्याच्या पोटात जातं का?"