पाच हप्त्यांची दृष्ट

"या खेपेला असा निकाल काढतो, की अख्ख्या सेमेय शहराची नजर लागेल!" ओराझबेकने प्रयोगशाळेत छातीठोकपणे सांगून टाकलं.

प्रयोग तसा साधाच. अर्ध्या उंदरांना किरणांचा सगळा डोस एकदम द्यायचा, उरलेल्यांना तोच पाच दिवसांत थोडा थोडा. मग फुप्फुसातल्या, आत शिरलेली घाण गिळणाऱ्या राखणदार पेशी कुणाच्या जास्त, ते मोजायचं. "हप्तेवाल्यांच्या!" असं या पठ्ठ्याने मोजायच्या आधीच लिहून ठेवलेलं! निकाल जमला की विभागप्रमुखाची खुर्ची त्याची. बायकोने तर खुर्चीच्या उशीचं मापही घेतलं होतं.

आणि निकाल जमला की हो! हप्तेवाल्यांच्या पेशी चौपट! ओराझबेकने लगोलग सगळ्या विभागाला घोड्याच्या मांसाचं जेवण घातलं.

मग अल्माटीहून तपासणीला राबिगा मॅडम आल्या. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तो काढेचनात.

"ओराझबेक, तुमचे उंदीर विड्या ओढतात का हो?"

"छे! काहीतरीच काय मॅडम!"

"मग या पेशींच्या पोटात काजळी कुठली?"

उंदीर सांभाळणाऱ्या कुल्याश आपा पिंजरे न्यायला आल्या होत्या. त्या हात पुसत पुढे सरसावल्या.

"अद्रस्पानच्या झुडपाच्या धुरीची असेल! लेकरं त्या यंत्राकडे निघाली, की वाळकी जुडी पेटवून दृष्ट काढते मी. घरचं माणूस प्रवासाला निघालं तर काढत नाही का आपण?"

"दर वेळी?" ओराझबेक ओरडला.

"एकदा जाणाऱ्यांची एकदा, पाचदा जाणाऱ्यांची पाचदा. माझ्याकडे दुजाभाव नाही!"

"अहो, पण सांगितलं कुणी तुम्हाला?"

"वा रे वा! नजर लागेल, नजर लागेल म्हणून गावभर कोण बोंबलत होतं?"

मॅडमनी वही मिटली. "प्रयोग चोख आहे. फक्त तो किरणांचा नाही, धुराचा आहे. छापाल तेव्हा पहिलं नाव आपांचं घाला."

खुर्ची गेली. घातलेलं जेवण तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं, तेही मीठ कमी होतं म्हणून!

ओराझबेक बाहेर पायरीवर एवढंसं तोंड करून बसला. मागून आपा आल्या, हातात धुमसती जुडी. "लागलीच बघ शेवटी! लोकांची नव्हे रे, तुझी तुलाच. बस असा, काढते."

ओराझबेक खोकला, चिडला, आणि शेवटी मान पुढे करून म्हणाला, "आपा, एकदम नको. पाच हप्त्यांत काढा."