टाकळीकरसाहेबांचा नकाशा

त्या गुरुवारी संध्याकाळी टाकळीकरांच्या दिवाणखान्यात अकरा माणसे, चिवड्याचे मोठे पातेले आणि गाडी ओढायचा एक जाड पट्टा अशी गर्दी होती. देवगिरी फोर-बाय-फोर क्लबची मीटिंग चालू होती. येत्या रविवारची ट्रिप ठरत होती: वेरूळच्या मागच्या माळावर डांबरी रस्ता सोडायचा आणि दगडधोंड्यांतून, नाल्यांतून लासूर स्टेशनजवळच्या सांडूभाऊंच्या शेतावर हुरडा खायला पोहोचायचं.

"फक्त एक हाये," सांडूभाऊ म्हणाले. "गाडीला ओरखडा आला नाय पाहिजे."

त्यांच्या गाडीला आठ महिने झाले होते आणि सीटांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. त्यांचा फोन टीपॉयवर स्पीकरवर ठेवलेला होता. घरी बसलेल्या त्यांच्या बायकोने त्यातून मीटिंगला हजेरी लावली होती.

"आणि चिखल बी नको," फोन म्हणाला.

"व्हय, चिखल बी नको."

क्लबचे अध्यक्ष बद्रीनाथ यांचं फरशीचं दुकान होतं. त्यामुळे कुठलीही गोष्ट सपाट असावी असं त्यांना मनापासून वाटे. "माझ्या सासूबाई येणारेत. खड्डे असू द्या, पण गुडघ्याला कळायला नको."

"मग ऑफ-रोडमध्ये राहिलं काय?" डॉक्टर दीपमालाने विचारलं. ती दातांची डॉक्टर होती आणि चिखल आवडतो असं उघड म्हणणारी क्लबमध्ये एकटीच होती.

"हुरडा," बद्रीनाथ म्हणाले.

या सगळ्या गदारोळात श्रीरंग टाकळीकर शांतपणे नकाशा काढत होते. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. ते टोकदार पेन्सिलीने नाले काढत, निळ्या शाईने विहिरी, हिरव्याने झाडं, आणि शेवटी लाल शाईची एकच सुरेख रेघ ओढत, तो मार्ग. ट्रिपचा मार्ग दर वेळी तेच ठरवत आणि ताफ्याच्या पुढे त्यांचीच जुनी जीप असे. त्यांच्या नकाशात एकच दोष होता. तो जमिनीशी जुळत नसे.

ही गोष्ट त्यांच्या घरात सर्वांना ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं. सर्वांना म्हणजे दोघींना, त्यांच्या पत्नीला आणि मुलीला, स्वरालीला. पैठणला निघालेली जीप गंगापूरच्या उसात शिरली की आई म्हणे, "अहो, जरा चहा घेऊ या का?" बाबा टपरीपाशी थांबत. ते बशीत फुंकर घालत असताना आई टपरीवाल्याला हळूच रस्ता विचारून येई आणि गाडीत बसताना सहज सुचल्यासारखं म्हणे, "त्या बाजूला सावली बरी दिसतेय, नाही?" बाबा त्या बाजूला वळत. अशा रीतीने इतक्या वर्षांत बाबा एकदाही चुकले नव्हते. क्लबच्या ट्रिपला मात्र ते एकटेच जात आणि रात्री इतके खुशीत परतत की दोघी काही विचारत नसत.

मंडळी गेल्यावर त्यांनी नकाशा स्वरालीपुढे धरला. "कसा झालाय?"

स्वरालीने पाहिलं. शेवटच्या फाट्यावर लाल रेघ डावीकडे वळत होती. मागच्या वर्षी एका पूजेला ती सांडूभाऊंच्या शेतावर जाऊन आली होती. शेत उजवीकडे होतं. तिने तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारातून आईने डोळे मोठे केले.

"छान झालाय, बाबा," स्वराली म्हणाली.

"उत्तरेचा बाण बघ. चार वेळा खोडला, तेव्हा जमला."

शुक्रवारी सकाळी आंघोळ करून ते खुर्चीत बसले आणि आई चहा घेऊन बाहेर येईपर्यंत गेले होते. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. कप दुपारपर्यंत तिथेच राहिला, कारण तो कुणी उचलायचा हे दोघींना ठरवता येईना.

महिन्याभराने क्लबची मंडळी आली. नेहमी एकमेकांवर ओरडणारी माणसं ओळीने सोफ्यावर बसली होती आणि पाण्याचे पेले हातात धरून होती. शेवटी बद्रीनाथांनी घसा साफ केला.

"काकू, ट्रिप करायची म्हणतोय. साहेबांच्या नावानं. साहेबांच्याच नकाशावर. त्यांनी जशी रेघ मारली तशी जायचं, एक इंच इकडं नाय का तिकडं नाय."

"आन् म्होरं साहेबांचीच जीप," सांडूभाऊ म्हणाले. "ताई चालवतील."

स्वरालीला लाल रेघेचं ते डावं वळण आठवलं. बाबा असताना चुकणं वेगळं होतं, तेव्हा चहा होता. आता अकरा गाड्या, चाळीस माणसं आणि एक सासूबाई घेऊन ती लाल रेघ भलत्याच माळावर जाऊन थांबणार, आणि मग सगळे एकमेकांकडे बघणार. बाबांचं नाव निघेल तेव्हा लोक तेच आठवून हसणार. ते आता बाजूही मांडू शकत नव्हते.

"नकाशा जरा तपासून घेऊ या का?" ती म्हणाली. "म्हणजे, फोनवर टाकून..."

"फोन?" बद्रीनाथ दुखावले. "ताई, एकतीस वर्षं नकाशे काढलेला माणूस. त्यांचा नकाशा फोनवर तपासायचा?"

"त्या दिवशी फोनच बंद ठेवू," सांडूभाऊंना एकदम उत्साह आला. "सगळे फोन एका डब्यात. वॉकी-टॉकीवर बोलायचं."

अशा रीतीने एका वाक्यात स्वरालीने चाळीस माणसांचे फोन घालवले.

तिने दुसरा उपाय केला. मूळ नकाशा घेऊन बसली आणि बाबांच्या पेनाने तो पुन्हा काढायला लागली, फक्त शेवटचं वळण उजवीकडे. दोन संध्याकाळी गेल्या. तिची विहीर बटाट्यासारखी आली. तिसऱ्या दिवशी बद्रीनाथांचा फोन आला. त्यांनी मूळ नकाशाचा फोटो आधीच काढून ठेवला होता. अकरा प्रती लॅमिनेट झाल्या होत्या आणि एक दहा बाय सहाचा फ्लेक्ससुद्धा. तो शेताच्या फाटकावर लागला होता.

"आता?" स्वरालीने आईला विचारलं.

आई भाजी निवडत होती. "आता काय," ती म्हणाली. "मी पुढे बसते. चहा घेऊ."

रविवारी सकाळी सात वाजता ताफा निघाला. सर्वांत पुढे बाबांची जीप, चालवायला स्वराली, शेजारी आई. मागे दहा चकाचक गाड्या. वेरूळपर्यंत डांबरी असल्यामुळे सगळं निर्विघ्न पार पडलं. लेण्यांच्या पुढे पहिला फाटा आला. रेघ सरळ जात होती. सरळ दगडांची खाण दिसत होती.

"जरा चहा घेऊ या का?" आई म्हणाली.

अकरा गाड्या थांबल्या. टपरीवाला घाबरला, मग आनंदला. आई पदर सावरत त्याच्यापाशी जाऊन आली आणि गाडीत बसताना म्हणाली, "डावीकडे सावली बरी दिसतेय." ताफा डावीकडे वळला.

तीन किलोमीटरवर दुसरा फाटा, दुसरा चहा. तिथून अडीच किलोमीटरवर तिसरा.

"सांडू टू जीप," वॉकी-टॉकी खरखरला. "ताई, काकूंना बरं हाये ना? ओव्हर."

"बरं आहे."

"ओव्हर म्हणायचं असतंय. ओव्हर."

चौथ्या फाट्यावर टपरीच नव्हती. एक शेतातलं घर होतं आणि अंगणात एक बाई शेंगा पाखडत होती. आई शांतपणे उतरली, अंगणात गेली आणि म्हणाली, "बाई, चाळीस कप चहा मिळेल का?"

त्या बाईंचं नाव यमुनाबाई. त्यांनी सूप खाली ठेवलं, फाटकाबाहेरची गाड्यांची रांग पाहिली, आणि म्हणाल्या, "कोण मंत्री हाये का?"

"नाही हो, आम्हीच."

"कुठं चाललात?"

आईने आवाज खाली आणला. "लासूरला."

"लासूरला?" यमुनाबाई गाव ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या. "मंग चांगली डांबरी सोडून इकडं कामून आलात?"

स्वरालीने दचकून मागे पाहिलं. बद्रीनाथांनी ते ऐकलं असावं. पण ते एकदम अंगणात बांधलेल्या बकरीकडे पाहू लागले. सांडूभाऊ टायर दाबून बघू लागले. चाळीस माणसं यमुनाबाईंच्या पातेल्यातला चहा आळीपाळीने चार कपांतून प्यायली, त्याला पाऊण तास लागला. सासूबाईंनी दोनदा घेतला. "सगळ्यात चांगली ट्रिप," त्या म्हणाल्या. "गुडघ्याला काहीच नाही."

पुन्हा निघाल्यावर स्वरालीच्या लक्षात आलं की सगळे गप्प आहेत. वॉकी-टॉकीवर ना विनोद ना ओव्हर. तिला वाटलं, बाबांच्या आठवणीने. शेवटचा फाटा आला तेव्हा उजवीकडे दोन किलोमीटरवर लासूर दिसत होतं, पाण्याची टाकी आणि बाजार समितीची पत्र्याची शेड स्वच्छ. डावीकडे गाडीवाट होती आणि पुढे नुसत्या बाभळी. रेघ डावीकडे जात होती. तिने जीप थांबवली. आईने चौफेर नजर फिरवली. टपरी नाही, घर नाही, बकरीसुद्धा नाही.

दीपमाला मागून चालत आली आणि जीपच्या दाराला टेकली.

"स्वराली, रागावणार नसशील तर एक विचारू? तू आम्हाला इतके चहा का पाजतेयस?"

"म्हणजे?"

"म्हणजे अगं, आम्ही सकाळपासून वाट बघतोय, चुकणार केव्हा म्हणून." तिने मागे वळून पाहिलं. "सहा वर्षं काकांच्या मागे गाड्या घातल्यात आम्ही. एकदाही ठरलेल्या ठिकाणी पोहोचलो नाही. एकदा तर मक्यातून बाहेर पडलो ते कुणाच्या तरी साखरपुड्यात."

"तुम्हाला माहीत होतं?"

"क्लबमध्ये नवा माणूस आला की बद्रीनाथ पहिल्या दिवशी सांगतो, काकांना रस्ता दाखवायचा नाही. त्यांच्याशिवाय एकदा गेलो होतो, बद्रीनाथच्या प्लॅनवर. पन्नास मिनिटांत धाब्यावर होतो. सगळे रडवेले झाले."

"पण ते ओरखडे, चिखल..."

"ते सांडूभाऊंना फोनसमोर म्हणावं लागतं. नाहीतर ह्या ट्रिपला सोडतंय कोण त्यांना?"

स्वरालीने आईकडे पाहिलं. आई समोर बघत होती. मग तिने पर्स पायाशी ठेवली आणि दोन्ही हातांनी समोरचा दांडा घट्ट धरला.

स्वरालीने जीप डावीकडे घातली.

मागे दहा हॉर्न एकदम वाजले. दहा मिनिटांत वाट निमुळती झाली, मग तिची पाऊलवाट झाली, मग पाऊलवाटेनेही अंग काढून घेतलं. बाभळीची एक फांदी सांडूभाऊंच्या दारावरून कर्रकन गेली आणि वॉकी-टॉकीवर आनंदाची आरोळी उठली: "पहिला! मंडळी, पहिला ओरखडा! ओव्हर!" बद्रीनाथांची गाडी एका चरात तिरकी बसली आणि आतून सासूबाईंचा हसण्याचा आवाज आला. कुणाला अंदाज नसताना समोर नाला उभा राहिला, कमरेइतक्या लव्हाळ्यातला, कालव्याचं पाणी सुटल्यामुळे वाहता. पलीकडे शेत नव्हतं, लासूर नव्हतं, काहीच नव्हतं. नकाशावर या जागी निळ्या शाईत एक सुबक विहीर होती.

अकरा इंजिनं एकामागून एक बंद झाली.

"सांडू टू जीप. ताई, आता कुणीकडं? साहेबांचा नकाशा काय म्हणतोय? ओव्हर."

स्वरालीने वॉकी-टॉकी तोंडाजवळ नेला. बटण दाबलं. मागच्या दहाही गाड्या ऐकत होत्या. आई तिच्याकडे बघत होती, या वेळी डोळे मोठे न करता.

"बाबा," स्वराली मोठ्याने म्हणाली, "रस्ता चुकलाय. साफ चुकलाय."