प्रलयास हरकत नाही

वाघडोह नगरपरिषदेच्या हद्दीत येण्यासाठी प्रलयाने रीतसर अर्ज केला होता, ही गोष्ट आईशप्पथ खरी आहे. अर्ज दिला तेव्हा मी शेजारच्याच रांगेत उभा होतो. म्हणजे, नव्हतो, असतो तर सांगायला उरलो नसतो. पण सुलभाबाई खांडेझोड उगाच बोलणाऱ्यांतल्या नाहीत.

सुलभाबाई आवक-जावक टेबलावर. प्रलय समोर बसला तेव्हा प्लास्टिकची खुर्ची जराशी वितळली. त्यांनी अर्ज तपासला, आधारची झेरॉक्स मागितली, शिक्का मारला आणि सांगितलं, "सात दिवस हरकती-सूचना मागवाव्या लागतात. एक जरी लेखी हरकत आली तरी प्रकरण वर जातं. तिथून सहसा काही परत येत नाही."

"थांबतो," प्रलय म्हणाला. तसा तो समंजस होता.

जाहीर नोटीस कुत्रंही वाचत नाही, म्हणून मुख्याधिकारी बेलसरे साहेबांनी हुकूम काढला, की जनतेला कळेल असं मीम करा. सुलभाबाईंनी गावच्या ग्रुपवरचाच एक फोटो घेतला. बाजेवर पोट वर करून घोरणारा माणूस. मागे पेटलेलं आकाश लावलं, वर लिहिलं, 'सोमवारी प्रलय. उठवू नका, हाफ डे टाकलाय.' खाली हरकतीची मुदत, सोमवार संध्याकाळी पाच.

वाघडोहची वस्ती एकोणीस हजार. संध्याकाळपर्यंत हसरे चेहरे अडतीस हजार आले. हरकत एकही नाही.

तिसऱ्या दिवशी प्रलयाने नमुना म्हणून बाजारातली विहीर उकळवली. लोकांनी दोरीने अंडी सोडून उकडली आणि त्याचा व्हिडिओ केला. पाचव्या दिवशी सूर्य दोनदा मावळला. त्यावर तर इतकी मीमं आली, की नेट बंद पडलं आणि गाव प्रथमच घाबरलं.

सुलभाबाईंना हसू येत नव्हतं. अकरा वर्षं हप्ते फेडून बांधलेलं घर प्रभाग नऊमध्ये, हद्दीच्या अकरा फूट आत होतं. कर्मचाऱ्याला स्वतः हरकत घेता येत नाही. रविवारी त्या कोरा अर्ज घेऊन दिगंबर उपासेंकडे गेल्या. हे 'आपलं वाघडोह' ग्रुपचे अ‍ॅडमिन.

"दिगूभाऊ, सही करा इथं."

"वहिनी, काय बनवलंय हो! बायको तर हसून हसून पलंगावरून पडली."

"उद्या पाचला मुदत संपते, भाऊ."

"मग मीच का? उद्या लोक म्हणतील, दिगूला साधा जोक कळत नाही. ग्रुप चालवायचाय मला."

गावात बाकी एकोणतीस दारांवर हेच उत्तर मिळालं. मरणाची कुणालाच भीती नव्हती. विनोद न कळल्याची होती.

सोमवारी पाचला दहा कमी असताना दिगूभाऊ अर्ज घेऊन धापा टाकत आले. सुलभाबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. अर्जात लिहिलं होतं, 'सदर मीममधील बाजेवरील इसम मी स्वतः असून, माझे नाव न टाकता फोटो वापरल्याबद्दल तीव्र हरकत.'

"भाऊ, खाली एवढी एक ओळ लिहा, 'प्रलयासही हरकत आहे.'"

"नको वहिनी. मूळ मुद्दा भरकटतो."

हरकत प्रलयावर नव्हे, मीमवर; म्हणून वर न पाठवता बेलसरे साहेबांनी ती ताबडतोब मान्य केली. दिगूभाऊंच्या नावासह सुधारित मीम निघालं, प्रकरण निकाली. प्रलयाला ना-हरकत दाखला मिळाला. त्याने ते मीम दोनदा पाहिलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?" त्याने विचारलं.

आठवड्याभरात हा प्रश्न करणारा तो पहिलाच. "लोकांना विचारा," सुलभाबाई म्हणाल्या. "पण लवकर विचारा."

प्रभाग एकपासून क्रमाने सुरुवात झाली. सुलभाबाई रजिस्टर काखेत मारून घरी गेल्या, ओट्यावरची जास्वंदीची कुंडी उचलली, कुलूप लावलं आणि अकरा फूट चालून हद्दीबाहेर उभ्या राहिल्या. गाव हात वर करून शूटिंग घेत होतं. शेवटचा हसरा चेहरा पाच वाजून बावन्न मिनिटांनी आला.

आता कबूल करतो, यात पदरचं मी एवढंच घातलं, दिगूभाऊंची ती हरकत. सुलभाबाईंनी रजिस्टर दाखवलंय मला. त्यातलं हरकतींचं पान कोरं आहे.